दारूचें व्यसन : शपथेनंतरचा तिसरा दिवस



रत्नागिरी जिल्ह्यांतील खाडीकांठच्या एखाद्या वाडींतलें एक घर आपण क्षणभर डोळ्यांपुढें आणूं. घरधनी चाळिशींतला, मासेमारी करणारा, कष्टाळू. दहा वर्षांपूर्वीं तो शिमग्यांत व गणपतींत पीत असे. पुढें आठवड्याच्या बाजारीं पिऊं लागला. आतां सकाळीं तोंड धुण्यापूर्वीं त्याला घोट लागतो. बायकोचे दागिने गेले, मुलगी शाळा सोडून घरीं बसली. शेवटीं भावकी जमली, वडील माणसें बसलीं, सर्वांसमक्ष त्याच्याकडून शपथ घेतली, आणि तो पुन्हां गुत्त्याकडे वळूं नये म्हणून त्याला माजघरांत कोंडून ठेविलें. पहिल्या दिवशीं त्याचे हात कांपले. दुसऱ्या रात्रीं त्याचा डोळ्याला डोळा लागला नाहीं. तिसऱ्या दिवशीं तो भिंतीवरचे नसलेले किडे झाडूं लागला, दारांत कोणी उभें आहे म्हणून ओरडूं लागला, आणि आपल्या आईलाही ओळखीना. कोणी म्हणालें, ही बाहेरची बाधा, देवचार कोपला. कोणी भगताकडे धांवलें, कोणी गाऱ्हाणें घालावयास गेलें. कोणी म्हणालें, दारू मिळावी म्हणून हीं सोंगें चाललीं आहेत.

हें घर आम्हीं समजुतीसाठीं रचिलें आहे. परंतु त्यांतील एकही लक्षण काल्पनिक नाहीं. त्या घरांतील सर्व माणसें त्याचें भलेंच चिंतीत होतीं, आणि तरीही तिसऱ्या दिवशीं तो मरणाच्या दारांत उभा होता. त्याला बाधा झाली नव्हती व तो सोंगही करीत नव्हता. त्याला एक रोग झाला होता, आणि त्या रोगावर रुग्णालयांत उपाय आहे. हा रोग शरीरांत कसा शिरतो, आणि त्यांतून माणसाला सोडवितांना कोणती काळजी घ्यावी, हाच आजच्या पाठाचा विषय होय.

१. माडी, बियर आणि मद्यार्क

माडाची पोय छेदल्यावर मडक्यांत जो रस ठिबकतो, तो ताजा असतां गोड असतो. त्यास नीरा म्हणतात. थोड्याच वेळांत डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जंतु त्यांतील साखर खाऊं लागतात, फेस येतो, साखरेचा मद्यार्क बनतो, आणि कांहीं तासांत त्या रसाची माडी होते. झाडाचाच रस तो, म्हणून माडी निरुपद्रवी, अशी कित्येकांची समजूत आहे. कित्येकांना वाटतें कीं बियर ही थंड वस्तु आहे, आणि खरी दारू ती विलायतीच. परंतु या सर्वांत माणसाला चढणारा पदार्थ एकच, तो मद्यार्क. भेद आहे तो केवळ प्रमाणाचा.

हें प्रमाण आपण मोजून पाहूं. शेंकडा ५ मद्यार्क असलेल्या ६५० मिलिलिटर बियरच्या बाटलींत सुमारें २६ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. शेंकडा ८ असल्यास सुमारें ४१ ग्रॅम. विलायती पद्धतीच्या शेंकडा ४२.८ मद्यार्काच्या दारूची १८० मिलिलिटरची बाटली, जिला लोक क्वार्टर म्हणतात, तिच्यांत सुमारें ६१ ग्रॅम. आतां निरोगी माणसाचें यकृत एका तासांत सामान्यतः ७ ते १० ग्रॅमच मद्यार्काचा निकाल लावूं शकतें. म्हणजे एक क्वार्टर शरीरांतून जावयास सहा ते नऊ तास लागतात. लिंबू, ताक अथवा थंड पाण्याचें स्नान यांनीं हा वेळ कमी होत नाहीं. रात्रीं दहा वाजतां क्वार्टर संपविलेला माणूस पहांटे चार वाजतां होडी लोटतो, तेव्हां आपण शुद्धींत आहों असें त्याला वाटतें. पण त्याच्या रक्तांत मद्यार्क अजून असतो.

चोरून विकल्या जाणाऱ्या दारूंत याहून भयंकर संकट असतें. तींत कधीं कधीं कारखान्यांत वापरण्याचा मिथिल मद्यार्क मिसळलेला असतो. जून २०१५ मध्यें मुंबईंतील मालवणी येथें अशा विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें मेलीं. शरीरांत या विषाचें असें आम्ल बनतें कीं तें डोळ्यांच्या मज्जातंतूंवर घाला घालतें. प्यालेल्या माणसाच्या पोटांत दुखूं लागलें, त्याला उलट्या होऊं लागल्या व धूसर दिसूं लागलें, तर सकाळची वाट पाहूं नये. त्याच घटकेस त्याला रुग्णालयांत न्यावें.

२. शरीराची हानि

मद्यार्काचा सर्वांत मोठा भार यकृतावर पडतो. प्रथम यकृतांत चरबी सांचते. या अवस्थेंत बहुधा कांहीं दुखत नाहीं, म्हणून माणूस म्हणतो, "मला कांहीं झालें नाहीं." या वेळीं दारू सोडली तर यकृत बहुधा पूर्ववत् होतें. न सोडल्यास त्याला सूज येते. आणि वर्षानुवर्षें तसेंच चालल्यास मऊ यकृताच्या जागीं कठीण वणांचें जाळें तयार होतें. ओढ्याच्या वाटेवर दरड कोसळली कीं पाणी तुंबून वरच्या शेतांत चढतें. तसें कठीण यकृतांतून जाऊं न शकलेलें रक्त मागें तुंबतें. त्यामुळें पोटांत पाणी होतें, त्यास जलोदर म्हणतात, पाय सुजतात, डोळे पिवळे होतात, अन्ननलिकेच्या तळाच्या शिरा फुगतात, आणि त्यांतली एखादी फुटली कीं रक्ताची उलटी होते. पुष्कळ घरांत रोगाची ओळख या उलटीनेंच पहिल्यानें होते, आणि तोंवर फार उशीर झालेला असतो.

दारू यकृतापाशींच थांबत नाहीं. ती रक्ताचा दाब वाढविते, हृदयाचे स्नायु दुबळे करिते, स्वादुपिंडास सूज आणते, हातापायांना मुंग्या आणून मज्जातंतु झिजविते. दारुड्यास क्षयरोग अधिक सहज जडतो, आणि औषधें वेळेवर न घेतल्यामुळें तो बरा होणेंही कठीण जातें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें १९८८ सालींच मद्याची गणना कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठें आंतडें आणि स्त्रियांचें स्तन यांच्या कर्करोगाशीं त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. जो दारूबरोबर तंबाखूही खातो किंवा विडी ओढतो, त्याच्या तोंडाचा व घशाचा धोका तर कित्येक पटींनीं वाढतो. गरोदर स्त्रीनें घेतलेली दारू तिच्या पोटांतील बाळापर्यंत पोहोंचते व त्याच्या मेंदूची वाढ बिघडविते.

थोडी घेतल्यानें प्रकृतीस बरें, असें पूर्वीं डॉक्टरही कधीं कधीं म्हणत. आतां तें मत मागें पडलें आहे. मद्याचें कोणतेंही प्रमाण पूर्णपणें निर्धोक नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें. तिच्या हिशेबाप्रमाणें २०१९ या एका वर्षांत जगांत सुमारें २६ लाख मृत्यु मद्यामुळें झाले.

आणखी एक हानि घरच्या माणसांनीं विशेष लक्षांत ठेवावी. दारुडा जेवत नाहीं, आणि जें जेवतो त्यांतील ब-१ हें जीवनसत्त्व दारूमुळें त्याच्या अंगीं नीट लागत नाहीं. आपल्या कोंकणांतील उकड्या तांदळाच्या पेजेंत हें जीवनसत्त्व पांढऱ्या सडलेल्या तांदळाच्या भातापेक्षां अधिक असतें. म्हणून ती पेज घरांत ठेवणें चांगलेंच. परंतु तें फारच कमी झालें म्हणजे माणसाची चाल अडखळते, डोळे तिरपे फिरतात व बुद्धि गोंधळते. जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यानें १८८१ सालीं या अवस्थेचें वर्णन केलें. मग पेज पुरत नाहीं. डॉक्टरांनीं त्वरित इंजेक्शनच द्यावें लागतें, नाहीं तर स्मृति कायमची जाते.

३. सवयीचा रोग कसा होतो

येथें कोणी विचारील, "एवढें सगळें त्याला दिसतें, तरी तो सोडीत कां नाहीं? त्याला लाज नाहीं काय?" हा प्रश्न आम्हीं गांवोगांवीं ऐकला आहे. त्याचें उत्तर मेंदूंत आहे.

होडीच्या एका बाजूस जड ओझें ठेविलें, तर खलाशी आपोआप दुसऱ्या बाजूस सरकतात, म्हणून होडी सरळ राहते. मेंदूंतही शांत करणारीं व चेतविणारीं अशीं दोन प्रकारचीं रसायनें समतोल राखून असतात. दारू ही शांत करणाऱ्या बाजूस ओझें टाकते. रोज रोज ओझें पडूं लागलें म्हणजे मेंदू तोल सांभाळण्यासाठीं चेतविणारी बाजू वाढवीत जातो. म्हणूनच पूर्वीं एका पेल्यानें जें होत असे, त्यासाठीं पुढें चार पेले लागतात. आणि एके दिवशीं ओझें एकदम उचललें, तर? सगळे खलाशी दुसऱ्या बाजूस असतात, होडी उलटते. शपथेनंतरच्या तिसऱ्या दिवशीं जें घडतें तें हेंच.

सवय रोगापर्यंत पोहोंचली हें ओळखण्याचीं लक्षणें डॉक्टर पाहतात, तीं अशीं : दारूची अनावर ओढ, एकदां आरंभ केल्यावर थांबतां न येणें, पूर्वींइतकाच कैफ येण्यास अधिक दारू लागणें, न घेतल्यास हात कांपणें, घाम सुटणें व झोप न लागणें, काम, घर व इतर आवडी यांकडे दुर्लक्ष, आणि हानि डोळ्यांनीं दिसत असूनही पीत राहणें. एका वर्षांत यांपैकीं तीन किंवा अधिक लक्षणें दिसलीं, तर त्या माणसास उपचाराची गरज आहे असें समजावें.

अमेरिकन वैद्यक संघानें १९५६ सालीं या व्यसनास रोग म्हणून मान्यता दिली. रोग म्हटल्यानें माणसाची जबाबदारी संपते असें मात्र नव्हे. क्षय झाला म्हणून आपण कोणास अपराधी ठरवीत नाहीं. पण औषध घेणें हें त्याचेंच काम असतें. दारूच्या रोग्याविषयीं हाच न्याय लावावा. कित्येकांच्या रक्तांतच ही ओढ आनुवंशिक असते, म्हणून ज्यांच्या वडिलांस वा आजोबांस हें व्यसन होतें त्यांनीं पहिल्या पेल्यापासूनच दूर राहणें शहाणपणाचें.

राम गणेश गडकरी यांचें 'एकच प्याला' हें नाटक १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील सुधाकर हा वकील होता, बुद्धिवान होता, पत्नीवर प्रेम करणारा होता. त्याचा दारू सोडण्याचा निश्चय खरा होता, पण तो टिकला नाहीं. प्रेक्षक शंभर वर्षें सिंधूसाठीं रडले. परंतु निश्चय खरा असूनही कां मोडतो, हें समजून घेण्याचें काम पुष्कळ घरांत अद्यापि व्हावयाचें आहे. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतांत सुमारें १६ कोटि माणसें मद्य घेतात, आणि त्यांतील ५ कोटि ७० लाखांहून अधिकांना मदतीची गरज आहे. पूर्ण व्यसनाधीन झालेल्यांपैकीं मात्र ३८ जणांत एकासच कांहीं उपचार मिळतो. बाकीच्यांस काय मिळतें? शिव्या, मार आणि शपथ.

४. तिसरा दिवस

आतां त्या माजघराकडे परत येऊं. अनेक वर्षें रोज भरपूर पिणाऱ्या माणसानें दारू एकदम थांबविली, तर साधारणपणें सहा तासांपासून एका दिवसाच्या आंत हात कांपूं लागतात, घाम सुटतो, मळमळतें, जीव घाबरतो. पहिल्या दोन दिवसांत कित्येकांना अपस्माराप्रमाणें झटके येतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत कांहींना ताप, छातींत धडधड, भयंकर थरथर आणि भ्रम होतो. नसलेलीं माणसें व जनावरें दिसतात, दिवस कोणता व जागा कोणती हें कळत नाहीं. इंग्रज वैद्य टॉमस सटन यानें १८१३ सालीं या विकाराचें वर्णन करून त्याला 'डेलिरियम ट्रेमेन्स', म्हणजे थरथरीसह भ्रम, असें नांव दिलें. उपचार नसतांना यांत पुष्कळ रोगी दगावत. आज वेळेवर रुग्णालयांत पोहोंचलेले बहुतेक सर्व वांचतात. मेंदू हळूहळू पूर्वस्थितीवर येईपर्यंत डॉक्टर त्याला शांत ठेवणारीं औषधें मोजून देतात, ब-१ चीं इंजेक्शनें देतात, शरीरांतील पाणी व क्षार भरून काढतात. बहुधा आठवड्याभरांत हें वादळ शमतें.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानांत धराव्यात :

(अ) जो रोज पितो, व सकाळीं न घेतल्यास ज्याचे हात कांपतात, त्याच्याकडून आज शपथ घेऊन आजच दारू बंद करूं नये. प्रथम त्याला डॉक्टरांकडे न्यावें, व त्यांच्या सांगण्याप्रमाणें दारू थांबवावी. याचा अर्थ त्यानें पीत राहावें असा नव्हे. डॉक्टरांकडे जाण्यास एक दिवसाचाही आळस करूं नये.

(आ) त्याला कोंडून अथवा बांधून ठेवूं नये. कोंडलेल्या खोलींत झटका आला तर तो कोणास दिसतही नाहीं.

(इ) झटका, ताप, भ्रम, असंबद्ध बोलणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. भगताकडे गेलेली एक रात्रही जिवावर बेतूं शकते.

(ई) पूर्वीं एकदां असा भ्रम किंवा झटका आला असेल, तर पुढच्या वेळीं तो पुन्हां येण्याचा संभव अधिक असतो; हें डॉक्टरांना आधींच सांगावें.

५. लपवून दिलेली पूड

आणखी एका चुकीविषयीं आम्ही माताभगिनींस कळकळीची सूचना करितों. "पिणाऱ्यास न कळतां दारू सोडवा" अशा जाहिराती पुष्कळ ठिकाणीं दिसतात, आणि बिचारी बायको उसने पैसे काढून ती पूड आमटींत कालवते. पुडींत काय आहे हें तिला ठाऊक नसतें. अशा पुडींत 'डायसल्फिराम' नांवाचें औषध असूं शकतें. कृमींवर औषध शोधीत असतां डेन्मार्कमधील हाल्ड व याकोबसेन या संशोधकांनीं तें स्वतः घेऊन पाहिलें, आणि नंतर थोडें मद्य घेतांच ते आजारी पडले. १९४८ सालीं त्यांनीं हा शोध प्रसिद्ध केला. हें औषध पोटांत असतां माणूस प्याला, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्ताचा दाब उतरतो, आणि क्वचित् प्राणही जातो. डॉक्टर हें औषध देतात तें रोग्यास सर्व सांगून, त्याची संमति घेऊन, त्याचें यकृत व हृदय तपासून. ज्याला तें पोटांत आहे हें माहीतच नाहीं, तो पिण्याचें टाळील कसें? म्हणून प्रेमानेंसुद्धां असें औषध लपवून देऊं नये.

६. पुढची वाट

शरीरांतून दारू गेली म्हणजे अर्धेंच काम झालें. मेंदूंतील ओढ महिनेन् महिने राहते. येथें सोबत लागते. १० जून १९३५ रोजीं अमेरिकेंतील अ‍ॅक्रन गांवीं एका शस्त्रवैद्यानें आपला शेवटचा पेला घेतला. त्याला धीर देणारा मनुष्य स्वतःही दारूंतून सुटलेला एक शेअरदलाल होता. या दोघांपासून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही बिनावर्गणीची मंडळी निघाली. तिच्या सभा आज महाराष्ट्रांतही भरतात. तेथें कोणी उपदेश करीत नाहीं, प्रत्येकजण आपलीच कथा सांगतो व आजचा एक दिवस न पिण्याचा निश्चय करितो. पुण्यांत डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं, पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्यानें, २९ ऑगस्ट १९८६ रोजीं 'मुक्तांगण' हें व्यसनमुक्ति केंद्र उघडलें. तेथें रोग्याबरोबर त्याच्या घरच्या माणसांशींही बोलतात, कारण या रोगानें सारें घरच आजारी पडलेलें असतें.

आपल्या जिल्ह्यांतील वाचकांस दूर जाण्यापूर्वीं जवळच दार आहे. रत्नागिरी शहरांत जिल्हा रुग्णालय आहे, आणि राज्यांतील जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकीं एक येथेंच आहे. त्या नांवानें लाजूं नये. हा मेंदूचा रोग आहे, आणि मेंदूच्या रोगाचे वैद्य तेथेंच भेटतात. घरीं बसून विचारावयाचें असल्यास शासनाचा व्यसनमुक्तीचा दूरध्वनि १४४४६ व मानसिक आरोग्याचा १४४१६ हे विनामूल्य आहेत.

सुटलेला मनुष्य पुन्हां एखाद्या वेळीं घसरला, तर सगळें व्यर्थ गेलें असें म्हणूं नये. मधुमेहाच्या रोग्याची साखर पुन्हां वाढली तर आपण त्याला दवाखान्यांत नेतों. तसेंच यालाही न्यावें. कोंकणांत घसरणीचे काळ ठरलेले आहेत : पावसाळ्यांतील मासेमारीबंदीचे रिकामे दिवस, शिमगा, गणपतींत मुंबईकर चाकरमानी गांवीं येतात ते दिवस. या दिवसांत त्याला एकटें सोडूं नये. कोणी त्याच्याबरोबर जाळीं विणावयास बसावें, कोणी त्याला सायंकाळीं आपल्या घरीं चहास बोलवावें. आणि पूर्वीं झालेली त्याची फजिती सभेंत पुन्हां उगाळूं नये.

दुकानाविरुद्धचा लढा जुना आहे. १८८० सालीं पुणें नगरपालिकेचे सभासद असतां जोतिराव फुले यांनीं दारूच्या दुकानांना विरोध केला. १९४९ सालीं मुंबई इलाख्यांत दारूबंदीचा कायदा झाला. ते प्रयत्न आपापल्या जागीं योग्यच. पण कायद्यानें दुकान मिटतें. माजघरांत थरथरत पडलेल्या माणसाच्या मेंदूंतली ओढ तेवढ्यानें मिटत नाहीं. त्याला शपथ द्यावयाची असेल तर अवश्य द्या. परंतु ती देण्यापूर्वीं त्याला डॉक्टरांकडे न्या, आणि दिल्यानंतर तिसऱ्या दिवशीं त्याच्या उशाशीं बसा.

शिक्षकांनीं पाठानंतर विचारावयाचे प्रश्न

१. माडी, बियर व विलायती दारू यांत कोणता पदार्थ समान आहे? एक क्वार्टर शरीरांतून जावयास किती तास लागतात?
२. पोटांत पाणी व रक्ताची उलटी हीं यकृताच्या कोणत्या अवस्थेचीं लक्षणें होत? त्यापूर्वींची अवस्था कां ओळखूं येत नाहीं?
३. रोज पिणाऱ्याची दारू घरींच एकदम बंद करणें धोक्याचें कां? होडीच्या दृष्टांतानें समजावून सांगा.
४. तिसऱ्या दिवशीं माणूस नसलेल्या वस्तु पाहूं लागला, तर तुमच्या वाडींतून त्याला कोठें व कोणत्या वाहनानें न्याल? हें आजच ठरवून ठेवा.
५. लपवून औषध देण्यांत कोणता धोका आहे?